तुमच्या फायलीत सिमकार्डाचं पान नाही

प्रति,
जर्मन भाषेचे क्लासचालक, परदेशी प्रवेशाचे सल्लागार आणि नर्सिंग कॉलेजांतले प्लेसमेंटचे प्रमुख,
छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर आणि मराठवाड्यात इतरत्र.

विषय : परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांना मोबाइल प्लॅनची माहिती जाण्याआधी देण्याबाबत.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी परभणीत मोबाइलचं दुकान चालवतो. रिचार्ज, नवं सिम, पोर्ट, डिस्प्ले, चार्जर, असला सगळा धंदा. तुमचा माझा तसा संबंध नाही. पण तुम्ही ज्यांना विमानात बसवून देता त्या लेकरांचे आई-बाप पुढं माझ्या काउंटरवर येऊन उभे राहतात, आणि त्यांनी आणलेले प्रश्न बहुतेक वेळा माझ्या हातातले नसतात. ते तुमच्या क्लासात, महिनाभर आधी, एका तासात सुटले असते. म्हणून हे पत्र. उघड्यावर लिहितोय, कारण एकेकाला गाठून सांगायचं तर गावं पुष्कळ आहेत.

२०२४ मध्ये राज्य सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडं जर्मनच्या क्लासच्या पाट्या जास्तच दिसायला लागल्या. चांगलं आहे. लातूरच्या क्लासमधून डॉक्टर-इंजिनियर होतात तशा आता नर्स आणि इलेक्ट्रिशियन थेट तिकडं जात असतील तर कुणाला नको आहे? आणि तुम्ही तयारीही नीट करून घेता. झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोसाठी लेकरं शेजारच्याच दुकानात येतात, त्यामुळं तुमच्या फायली माझ्या नजरेखालून जातात. प्रवेशपत्र, अपोस्टिल म्हणजे कागदपत्रं परदेशात चालावीत म्हणून मारलेला सरकारी शिक्का, आरोग्य विमा, विद्यार्थी असेल तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, ११,९०४ युरो भरल्याची पावती. सामानाच्या यादीत कुकरची शिट्टीसुद्धा वेगळी लिहिलेली असते. मोबाइलसाठी मात्र एकच ओळ : तिथं गेल्यावर सिम घ्या.

सिम घेणं सोपं आहे हो. आपण काय घेतोय हे कळणं अवघड आहे, आणि त्याचं कारण लेकरांच्या हुशारीत नाही, त्यांच्या सवयीत आहे. आपल्या देशात नव्वद टक्क्यांहून जास्त मोबाइल ग्राहक प्रीपेडवाले. माझ्या दुकानात पोस्टपेड विचारायला महिनोन्‌महिने कुणी येत नाही. २८ दिवस संपले की फोन मुका होतो. पैसे असले तर रिचार्ज मारायचा, नसले तर पगार होईपर्यंत वायफायवर आणि मिस्ड कॉलवर दिवस काढायचे. कंपनीचा कंटाळा आला तर १९०० वर एसएमएस टाकून पोर्ट मारायचा. कुणी बिल पाठवत नाही, कुणी वसुलीला येत नाही. वीस-बावीस वर्षांचं लेकरू आयुष्यात एकदाही फोनच्या करारावर सही न करता परदेशात उतरतं. तिथला हिशेब उलटा असतो. इथं पैसे संपले की फोन बंद पडतो, तिथं फोन बंद केला तरी पैसे चालू राहतात. एवढं एक वाक्य तुमच्या फळ्यावर लिहिलं तरी माझं अर्धं काम झालं.

मागे एक गृहस्थ दुकानात आले. जिंतूरकडचे. पोरगी नर्स, जर्मनीत लागलेली. त्यांनी मोबाइल पुढं केला, "भाऊ, हे काय आलंय बघा बरं. पोरगी रडायलीय, नीट सांगंना." व्हॉट्सअॅपवर एका पत्राचे फोटो होते, सगळं जर्मनमध्ये. मी दुसऱ्या फोनचा कॅमेरा धरून भाषांतर लावलं. वसुली करणाऱ्या एजन्सीचं पत्र होतं.

झालं होतं असं. पोरीनं पहिल्याच आठवड्यात स्टेशनजवळच्या एका दुकानातून चोवीस महिन्यांचा करार केला, त्याच्यासोबत नवा फोन "फक्त एका युरोत". पुढं कळलं की हॉस्पिटलच्या तळघरात, जिथं कपडे बदलायची खोली असते, तिथं त्या कंपनीची रेंजच येत नाही. बरोबरच्या मुलींकडं दुसऱ्या कंपनीचं सिम होतं, तिनंही ते घेतलं आणि जुनं सिम काढून टेबलाच्या खणात ठेवलं. तिच्या हिशेबानं विषय संपला. त्याच सुमाराला तिनं बँकही बदलली आणि राहायची खोलीही. आता जुन्या खात्यातून हप्ता कापला जाईना. कंपनीनं आठवणीची पत्रं पाठवली ती जुन्या पत्त्यावर. नव्या घराच्या पत्रपेटीवर तिच्या नावाची पट्टीच नव्हती, आणि जर्मनीत पेटीवर नाव नसलं तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत नेतो. आपल्यासारखं "अमक्याचं घर कुठंय" म्हणून तो चौकात विचारत बसत नाही. असं करत मूळ बिलं दोन-तीनच, पण त्यावर परत गेलेल्या वसुलीचा दंड, स्मरणपत्राचा खर्च, मग एजन्सीची फी. तिनं अखेर हप्त्याहप्त्यानं ते भरलं. पण खरा धाक पैशांचा नव्हताच. जर्मनीत शुफा नावाची संस्था आहे, कोण पैसे वेळेवर फेडतं याची नोंद ठेवणारी, आपल्याकडच्या सिबिलसारखी. थकबाकीची नोंद तिथं लागली की पुढं भाड्यानं घर मागताना घरमालक शुफाचा दाखला मागतो, आणि मोबाइलच्या बिलापायी खोली हातची जाते.

यात पोरीची चूक काढायला कुणी बसू नये. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि सांगण्यासारखं पुष्कळ आहे, कारण तिथला कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे. फक्त तो माहीत असलेल्यालाच उपयोगी पडतो. १ डिसेंबर २०२१ पासून जर्मनीत फोनचा पहिला करार जास्तीत जास्त चोवीस महिन्यांचा करता येतो. मुदत संपल्यावर तो आपोआप पुढं चालू राहिला तरी एका महिन्याची सूचना देऊन कधीही तोडता येतो. त्याआधी तो वर्षभरासाठी वाढायचा, आणि जुने लोक अजून तीच भीती सांगतात. बारा महिन्यांचा पर्यायही कंपनीला ठेवावा लागतो, विचारला तर दाखवतात. जुलै २०२२ पासून वेबसाइटवर करार रद्द करायचं बटण ठळकपणे द्यावं लागतं. सही करण्याआधी कराराचा सारांश ग्राहकाच्या हातात द्यावा लागतो, त्यात किंमत, मुदत, वेग, तोडायची पद्धत सगळं थोडक्यात असतं. ऑनलाइन किंवा फोनवरून करार केला असेल तर चौदा दिवसांत कारण न देता परत घेता येतो. दुकानात जाऊन सही केली तर हा हक्क मिळत नाही. मी स्वतः दुकानदार आहे, तरी सांगतो : परदेशातल्या पहिल्या महिन्यात दुकानदाराच्या नादी लागू नका.

क्लासचालकांना इथं माझी एक सूचना आहे, तिला माझा आगाऊपणा म्हणा हवं तर. तुमच्या पुस्तकांत हॉटेलात जेवण मागवायचा धडा असतो, रेल्वेचं तिकीट असतं, डॉक्टरकडं जाणं असतं. बी१ च्या, म्हणजे मधल्या पातळीच्या, वर्गात एक दिवस खऱ्या मोबाइल कराराचा तो सारांश वाचायला घ्या. कंपन्यांच्या वेबसाइटवर तो कुणालाही पाहता येतो. मिंडेस्टलाउफत्साइट म्हणजे किमान किती महिने सुटका नाही, क्युंडिगुंग म्हणजे करार तोडल्याची सूचना, माहनुंग म्हणजे थकबाकीचं पत्र. हे शब्द परीक्षेत आले नाहीत तरी चालतील, पण तिथं पहिल्या वर्षात लागतातच. माहनुंग असं वरती छापलेला लिफाफा आला तर तो रविवारपर्यंत उशीखाली ठेवायचा नसतो, हे तुमच्याशिवाय त्यांना कोण सांगणार?

मग पहिल्या महिन्यात काय घ्यायचं? माझं मत सरळ आहे : प्रीपेड. तिथंही प्रीपेड मिळतं, आणि तेही किराणा दुकानात. आल्डी आणि लिडल ही तिथली स्वस्त सुपरमार्केटं. आल्डीचं सिम ओ२ च्या जाळ्यावर चालतं, लिडलचं व्होडाफोनच्या. साधारण दहा-पंधरा युरोत चार आठवडे चालणारं पॅक मिळतं, म्हणजे आपल्या २८ दिवसांचीच सवय. संपलं की काउंटरवरून रिचार्जची पावती घ्यायची. त्याला ना बँक खातं लागतं, ना शुफाची चौकशी. पहिल्या आठवड्यात तिथं सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. बँक म्हणते नंबर द्या, करारवाली कंपनी म्हणते बँक खातं द्या. प्रीपेडनं ती गाठ सुटते. एक मात्र आधी सांगून ठेवा. जुलै २०१७ पासून तिथं प्रीपेड सिमलाही ओळख पटवावी लागते. पासपोर्ट आणि जर्मनीतला पत्ता घेऊन, व्हिडिओ कॉलवर किंवा पोस्टाच्या काउंटरवर. आपल्याकडं आधारवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत सिम चालू होतं, तसं तिथं होईलच असं नाही. त्यामुळं उतरल्या उतरल्या घरी कळवायला काय वापरायचं, हे निघण्याआधीच ठरलेलं असावं. विमानतळावरचं फुकट वायफाय चालतं, किंवा इथूनच चार दिवसांचं रोमिंग पॅक मारून जायचं. महाग पडतं, पण आईचा जीव टांगणीला लागत नाही.

डेटाचं गणितही बसवून द्या. आपली लेकरं दिवसाला दीड-दोन जीबीची. महिन्याचं धरलं तर चाळीस-पन्नास जीबीच्या पुढं जातं. तिथं दिवसाचा कोटा नसतो, महिन्याचा असतो. वीस जीबीचं पॅक बघून "वीस म्हणजे बक्कळ" असं वाटतं आणि पहिल्या दहा दिवसांत रील्समध्ये ते संपतं. त्यानंतर इंटरनेट पूर्ण बंद होत नाही, पण वेग इतका पाडतात की नकाशासुद्धा उघडत नाही. जाण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मागच्या महिन्यात वायफाय सोडून किती डेटा गेला तो आकडा बघायला लावा. होस्टेलवर वायफाय आहे का, हे मालकाला विचारून घ्यायला लावा. या दोन उत्तरांवर प्लॅन ठरतो, जाहिरातीवर नाही.

आणि रेंज. आपल्याकडं वाडी-तांड्यावरचा माणूस सिम घेताना कंपनीचं नाव नाही विचारत, टॉवर कुणाचा ते विचारतो. तीच अक्कल तिथं चालवायची. मोठ्या शहरात कुठलंही सिम चालतं. पण आपल्या नर्स बऱ्याचदा लहान गावांतल्या हॉस्पिटलांत आणि वृद्धाश्रमांत लागतात, तिथं फरक पडतो. जाळी मुख्यतः तीन : टेलिकॉम, व्होडाफोन आणि ओ२. चौथी कंपनी अजून आपले टॉवर उभे करतेय. स्वस्त सिमं याच जाळ्यांवर चालतात, तेव्हा नाव कुठलंही असो, आत जाळं कुणाचं ते विचारायचं. वॉर्डातल्या सहकाऱ्यांना विचारलं की दोन दिवसांत समजतं. बाडेन-व्युर्टेमबर्गला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात २०१७ पासून आपलं पॅक घरच्याच दरानं चालतं, त्यामुळं फ्रान्समध्ये फिरायला गेलं तरी काळजी नाही. पण त्या राज्याला लागून स्वित्झर्लंडही आहे आणि तो संघात नाही. सीमेजवळच्या गावात घरात बसल्या बसल्या फोन पलीकडचा टॉवर धरू शकतो. काही प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड धरलेला असतो, काहींत नसतो. सीमेजवळ राहणाऱ्यानं ते आधी वाचावं.

आता इकडच्या नंबराकडं येतो. खरं तर माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात.

लेकरू जातं, इकडचा नंबर तसाच राहतो. सहा महिन्यांनी शैक्षणिक कर्जाचं काहीतरी निघतं, किंवा आयकराचं, किंवा आधारमध्ये पत्ता बदलायचा असतो, आणि ओटीपी जातो त्या बंद पडलेल्या नंबरवर. मग बाप माझ्याकडं येतो : "नंबर चालू करून द्या, काय लागतील ते पैसे घ्या." पैशानं होत नाही ते. व्हॅलिडिटी संपली की आधी आउटगोइंग जातं, मग इनकमिंगही जातं. ट्राय म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या नियमानुसार ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत ३० दिवसांनी वाढवायची तरतूद आहे. या वीस रुपयांचे व्हिडिओ बघून लोक निर्धास्त झाले. पण नंबर तुमच्या नावावर राहणं वेगळं आणि त्यावर ओटीपी येणं वेगळं. बंद झालेला नंबर पुढं ९० दिवस थांबवून नव्या ग्राहकाला दिला जातो. मग तुमच्या बँकेचे मेसेज पाथरीच्या कुणा अनोळखी माणसाला जायला लागतात.

उपाय सोपा आहे आणि महागही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना सांगितलं की नुसतं बोलणं आणि एसएमएस, डेटा नको, असेही पॅक ठेवा, आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेता येईल. त्यानंतर वर्षभराचे तसे पॅक आले. दोन हजारांच्या आतबाहेर काम होतं. दर बदलत असतात, जाण्याच्या आठवड्यात विचारावेत. लाखो रुपये कर्ज काढून जाणाऱ्याला हे दोन हजार जड नाहीत, पण कुणी सांगत नाही. उलट "आता इकडचा नंबर कशाला" म्हणून खर्च वाचवायला पहिलं तेच बंद करतात.

रिचार्ज मारला म्हणजे झालं असंही नाही. प्रीपेड सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच चालू करून घ्यावं, ॲपवरून होतं. ते चालू असलं की परदेशात येणारा एसएमएस बहुतेक कंपन्यांत फुकट असतो. फोन उचलला तर मात्र दणका बसतो, आणि डेटा रोमिंग बंद ठेवायचंच. म्हणजे इकडचं सिम फोनात फक्त ओटीपीपुरतं आणि बाकी सगळं तिकडच्या सिमवर. पुष्कळ जण सिम वडिलांच्या फोनात ठेवून जातात. ओटीपी आला की वडील वाचून दाखवणार. जर्मनीला साडेतीन-साडेचार तासांचाच फरक, तिथं जमून जातं. अमेरिकेतल्या दुपारी परभणीत मध्यरात्र उलटलेली असते. शिवाय यूपीआयचं ॲप ज्या फोनात सिम आहे त्याच फोनात चालतं, म्हणजे ती वाट बंद. आणि तिसरं : फोनवर ओटीपी वाचून दाखवायची सवय बापाला लावू नका. उद्या पोराच्या नावानं दुसराच कुणी फोन करील.

सिम कुणाच्या आधारवर आहे, हेही आम्ही दुकानात पहिलं विचारतो, तुम्हीही विचारत जा. आपल्याकडं निम्म्या लेकरांचं सिम बापाच्या, काकाच्या, एखाद्याचं तर मेहुण्याच्या नावावर असतं. परदेशात फोन हरवला तर डुप्लिकेट सिमसाठी ज्याच्या नावावर आहे त्यानं स्वतः यायला लागतं. बाप गावात असला तर त्यात एका परीनं सोयच आहे. पण मेहुण्याशी बोलणं बंद झालेलं असेल तर? तेव्हा सिम आपल्या किंवा आई-बापांच्या नावावर करून घ्यायचं ते जाण्याआधीच. डुप्लिकेट मिळालं तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत, फसवणूक रोखण्यासाठी तसा नियम आहे. फीची शेवटची तारीख उद्या असेल तर हे लक्षात असलेलं बरं.

बँकेचं म्हणाल, तर परदेशी राहायला गेल्यावर साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं इथलं खातं, करून घ्यावं लागतं, हे तुम्ही सांगत असालच. २०२३ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेनं अशा खात्यांना परदेशी नंबरवर यूपीआय वापरायची मुभा दिली, पण सुरुवातीला दहाच देशांसाठी. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आखातातले काही देश त्यात होते. जर्मनी नव्हता. ज्या देशाचं नाव घेऊन आपण क्लास काढले, नेमका तोच. आणि आधारचा ओटीपी तर आधारला जोडलेल्या नंबरवरच येणार.

दुसऱ्या देशांबद्दल थोडक्यात लिहितो, मला त्यातलं सगळं माहीत असण्याचं कारण नाही.

ब्रिटनला जाणाऱ्यांचं सोपं आहे. तिथं प्रीपेड सिमला ओळखपत्रही लागत नाही आणि महिन्या-महिन्याचे सिम-ओन्ली, म्हणजे फोन न घेता नुसत्या सिमचे, प्लॅन सर्रास मिळतात. कंपनी बदलायची तर ६५०७५ वर मेसेज टाकून कोड घ्यायचा, आपल्या पोर्टसारखंच. लांब मुदतीचे करार दरवर्षी महागाईच्या टक्क्यानं वाढायचे, ते जानेवारी २०२५ पासून नव्या करारांत बंद झालं. दरवाढ असेल तर किती पौंड, किती पेन्स ते आधीच लिहून द्यावं लागतं.

अमेरिकेत बोर्डावरची किंमत आणि बिलातली किंमत वेगळी, कर आणि नाना फिया वरून लागतात. तिथं आपली लेकरं चार-पाच जण मिळून "फॅमिली प्लॅन" घेतात, कारण माणशी दर खूप उतरतो. बिल मात्र एकाच्या नावावर असतं. त्या एकाची पदवी झाली, नोकरी दुसऱ्या राज्यात लागली, बाकीचे पैसे द्यायला विसरले, की मैत्रीचं वाटोळं. घ्यायचाच असेल तर बिल ज्याच्या नावावर त्या एकाच्याच खात्यातून आपोआप पैसे कापू न देता सगळ्यांनी महिना सुरू होण्याआधी पैसे जमा करायचे, असं ठरवून घ्या. आणि २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनात सिम घालायची खाचच नसते. इकडचं प्लास्टिकचं सिम घेऊन गेलेलं लेकरू नवा फोन घेतं आणि हातात सिम धरून बसतं. ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनातच बसवलेलं सिम, करून घ्यायचं तर ते इथं असतानाच, कारण बदलताना त्याच नंबरवर मेसेज येतो आणि तो पक्का करावा लागतो.

दुबई-शारजाकडं जाणाऱ्यांना, आणि नांदेड-बीडकडून जाणारे कमी नाहीत, एक गोष्ट कुणीच आधी सांगत नाही. संयुक्त अरब अमिरातीत साध्या सिमवर व्हॉट्सअॅपचे मेसेज जातात, पण व्हॉट्सअॅप कॉल लागत नाही. तिथं परवानगी असलेली वेगळी ॲप्स आहेत. पहिले आठ दिवस घरी वाटतं पोराचं काही बरंवाईट झालं की काय. तो बिचारा कॉल लावतोय आणि लागत नाहीये.

शेवटी थोडं कडू बोलतो. तुमच्यातले काही सल्लागार निरोपाच्या कार्यक्रमात लेकरांच्या हातात फुकट सिमचं पाकीट देतात. मला त्यात वाईट दिसत नाही, मीही कंपन्यांचे पॅक कमिशनवरच विकतो. पण माझ्या गिऱ्हाइकाला ते माहीत असतं. तो समोर उभा राहून विचारतो, "यात तुम्हाला काय सुटतंय?" तुमच्या विद्यार्थ्याला वाटतं सरांनी दिलंय म्हणजे तपासूनच दिलं असणार. ते सिम कुठल्या जाळ्यावर चालतं, पहिल्या महिन्यानंतर किती पैसे लागतात, कार्डाचा नंबर टाकल्यावर पॅक आपोआप चालू राहतं का, आणि ते कसं थांबवायचं, एवढं त्या पाकिटासोबत मराठीत लिहून द्या. तुम्हाला त्यात काही मिळत असेल तर तेही सांगा. त्यानं तुमची पत कमी होणार नाही. लाखांच्या फीचा हिशेब आई-बाप तुम्हाला विचारत नाहीत, एवढ्याशा कमिशनवरून काय भांडतील?

माझी मागणी म्हणाल तर तुमच्या फायलीत एक पान वाढवा. एका बाजूला इकडचा नंबर : कुणाच्या नावावर, पॅक कधी संपतं, रोमिंग चालू आहे का, बँक आणि आधारला हाच जोडलाय का. दुसऱ्या बाजूला तिकडचा प्लॅन : करार किती महिन्यांचा, कधी आणि कसा तोडायचा, बिल कुठल्या खात्यातून जाणार, पत्रं कुठल्या पत्त्यावर येणार. त्याची एक झेरॉक्स आई-बापांकडं राहू द्या. त्यांना जर्मन कळत नसेल, तारखा कळतात.

आणि हे शिकवायला माणूस नसेल तर मला बोलवा. परभणी, सेलू, मानवत, जिंतूर, नांदेडपर्यंत येतो, मानधन नको. विद्यार्थ्यांबरोबर आई-बापही बसतील असं बघा, कारण रिचार्ज मारायला तेच येणार आहेत. रविवार धरावा लागेल. एरवी सकाळी दहाला दुकान उघडायचं असतं.

कळावे,

आपला नम्र,
एक मोबाइल दुकानदार, परभणी